साडेएकोणसाठ सेंटीमीटर

म्युनिकच्या गीझिंग भागातल्या आमच्या घराच्या बाथरूमचं दार सताड उघडलं, तरी चौकटीत मोकळी जागा उरते ती साडेएकोणसाठ सेंटीमीटर. दार स्वतःच्या जाडीइतकी जागा अडवून उभं राहतं. हे मला आधी माहीत असायचं काही कारण नव्हतं. आणि आम्ही पसंत केलेलं वॉशिंग मशीन होतं ५९.८ सेंटीमीटर रुंद. तीन मिलिमीटर! पण तो शोध लागेपर्यंत आमचे तीन शनिवार दुकानांत गेले होते आणि नवऱ्याच्या एक्सेलमध्ये तेवीस ओळी भरल्या होत्या. त्यात दाराचा रकाना नव्हता.

त्याआधीची दोन वर्षं आम्ही एका फर्निचरसकट मिळालेल्या छोट्या घरात होतो. तिथे तळघरात सगळ्यांची मिळून दोन यंत्रं होती. त्यांत पैसे नाही, तर इमारतीच्या केअरटेकरकडून विकत घेतलेली पितळी टोकन टाकायची. टोकन संपली आणि केअरटेकर सुटीवर असला की धुणं बेसिनमध्ये. दोघांपुरतं चालून गेलं. पण मला सहावा महिना लागला, ऑक्टोबरात आई बाळंतपणासाठी यायची ठरली, आणि तिने फोनवर लंगोट-दुपट्यांचा आकडा सांगितला. इचलकरंजीची बाई, कापडाच्या बाबतीत हात आखडता घेणं तिला माहीत नाही. चार डझन लंगोट, दोन डझन दुपटी, शिवाय आजीच्या नऊवारीची गोधडी. हे सगळं टोकनवर होणार नव्हतं.

नवं घर म्हणजे आल्टबाऊ, जुन्या काळची इमारत. उंच छत, लाकडी तुळयांवरची जमीन, तिसरा मजला, लिफ्ट नाही. इकडे भाड्याचं घर म्हणजे चार भिंती. छताला लटकणाऱ्या वायरी असतात, बल्ब आपण आणायचे. ओटासुद्धा आम्ही आधीच्या भाडेकरूकडून विकत घेतला. मशीनसाठी बाथरूममध्ये बेसिनशेजारी एक आटे असलेला नळ, सांडपाण्याचं तोंड आणि एक सॉकेट होतं. तळघरात फक्त सायकली आणि बटाटे ठेवायची सोय. म्हणजे जागेचा प्रश्न मिटला होता. आता फक्त मशीन निवडायचं होतं. फक्त!

पहिल्या शनिवारी आम्ही चौकातल्या मोठ्या दुकानात गेलो आणि आपल्याकडे फ्रिज घेताना लिटर बघतात तसे किलो बघत सुटलो. सात, आठ, नऊ, दहा. नवऱ्याचं म्हणणं, किमतीत फार फरक नाही तर नऊच घेऊ, गोधडी मावेल. विक्रेता तरुण होता, पण कमिशनपेक्षा सत्याची चाड असलेला. त्याने विचारलं, आठवड्यात धुणं किती? मग सांगितलं की हे आठ-नऊ किलो फक्त सुती कपड्यांच्या मुख्य प्रोग्रामला लागू असतात. नाजूक कपड्यांच्या प्रोग्रामला त्याच ड्रममध्ये दोनच किलो टाकायचे; झटपट प्रोग्रामचंही साधारण तसंच. आम्ही दोघं ज्या पद्धतीने धुतो, म्हणजे आठवड्यातून तीनदा, पांढरे वेगळे, रंगीत वेगळे, त्यात नऊ किलोचा ड्रम कधी भरलाच नसता.

मग लेबल. युरोपात २०२१ च्या मार्चपासून हे लेबल बदललं. त्याआधी ए, ए प्लस, ए प्लस प्लस अशी चढाओढ होऊन सगळीच यंत्रं पहिल्या नंबरात आली होती. आता पुन्हा सरळ ए ते जी. मधोमध मोठा आकडा असतो तो शंभर धुण्यांना किती युनिट वीज लागेल याचा. माझ्यासमोर दोन यंत्रं होती. एक ए वर्गाचं, आकडा ४९. दुसरं सी वर्गाचं, आकडा ६३. किमतीत फरक दोनशे दहा युरो. ए हिरवंगार, सी पिवळसर. माणसाचा हात आपोआप हिरव्याकडे जातो. मी तिथेच उभ्या उभ्या हिशेब केला. फरक चौदा युनिटांचा. आमच्याकडे युनिट साधारण पस्तीस सेंटला पडतं. म्हणजे शंभर धुण्यांमागे वाचणार चार युरो नव्वद सेंट. वर्षाला दीडशे धुणी धरली तरी सात युरो पस्तीस सेंट. दोनशे दहा युरो भरून यायला एकोणतीस वर्षं. तोवर बाळाचं लग्न.

शिवाय हा आकडा ज्या प्रोग्रामवर काढतात तो म्हणजे ‘इको ४०-६०’. धुण्यातली बहुतेक वीज जाते पाणी तापवण्यात. म्हणून हा प्रोग्राम पाणी कोमटच ठेवतो आणि त्याची भरपाई वेळाने करतो. कपडे भिजत, घोळत राहतात. तुम्ही लंगोट साठ किंवा नव्वद अंशांवर धुणार असाल तर लेबलावरचा आकडा तुमचा नाहीच. त्याच लेबलावर खाली एक छोटं घड्याळ काढलेलं होतं आणि पुढे लिहिलं होतं ३:२५. मी नवऱ्याला म्हटलं, “हे काय, तीन तास पंचवीस मिनिटं? एका धुण्याला?” तो म्हणाला, “कुणाला घाई आहे?” आम्ही हसलो आणि पुढे गेलो. या घड्याळाकडे परत यावं लागणार होतं.

घरी आल्यावर इचलकरंजीला व्हिडिओ कॉल. आईचा पहिला प्रश्न, “वरून उघडणारं घे की गं. पोटुशी बाई वाकणार कशी?” मुद्दा बिनतोड होता. आमच्या गावात नळाला पाणी रोज येत नाही, आलं की भरून ठेवायचं. त्यामुळे आईचं मशीन अजून सेमी-ऑटोमॅटिक आहे. त्यात बादलीने पाणी ओतता येतं, मधेच थांबवून राहिलेला सदरा टाकता येतो, साबणाचं पाणी दुसऱ्या घाण्याला वापरता येतं. समोरून काचेचं दार बंद करून आत काय चाललंय ते नुसतं बघत बसायचं हे तिच्या स्वभावात बसत नाही.

वरून उघडणारी यंत्रं इकडेही मिळतात. मी उत्साहाने बघायला गेले तर ते प्रकरणच निराळं. आपल्याकडचं टॉप लोड म्हणजे उभा पिंप, त्यात तळाशी फिरणारी चकती. इकडचं टॉप लोड म्हणजे समोरून उघडणाऱ्या यंत्राचाच आडवा ड्रम, फक्त त्याला पोटाला एक झडप. वरचं झाकण उघडायचं, मग ड्रमची झडप दोन हातांनी दाबून उघडायची, कपडे भरायचे, झडप नीट अडकवायची. रुंदी मात्र चाळीस सेंटीमीटर! तेव्हा दाराचं माप माहीत असतं तर कदाचित तेच घेतलं असतं. पण ती झडप अडकवताना माझं बोट चिमटलं, आत सहा-सात किलोच मावत होतं आणि वर कपडे ठेवायला जागा नाही. आमच्या बाथरूममध्ये मशीनचा माथा हाच एकमेव ओटा होणार होता. वाकायला नवरा होता.

बाबांचा प्रश्न वेगळा. नवरा कौतुकाने सांगत होता की मोटर इन्व्हर्टरची आहे. बाबा खूश: “म्हणजे लाईट गेली तरी चालतंय म्हण की.” सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्यात, उभं आयुष्य गेलेला माणूस, मोटर त्यांना समजावून सांगायची नसते. नवऱ्याने सांगितलं की हा तो बॅटरीवाला नव्हे. यात मोटरला कार्बन ब्रश नसतात, वेग हवा तसा कमी-जास्त होतो. बाबा म्हणाले, “मग तसं सांगा. ब्रश झिजायची भानगड नाही. घ्या.” तेवीस ओळींच्या एक्सेलने जे केलं नव्हतं ते दीड मिनिटात झालं, ब्रशवाली चार मॉडेल बाद.

आईला न पटलेली गोष्ट होती पाणी. लेबलावर एका धुण्याला ४८ लिटर लिहिलं होतं. “एवढ्याशा पाण्यात साबण निघतोय होय? पोराच्या अंगाला पुरळ यायचं.” ज्या बाईने आयुष्यभर पाणी जपून वापरलं तिनेच पाणी कमी म्हणून नापसंती दाखवावी याची मला गंमत वाटली. पण तिच्या हिशेबात खळबळून काढणं ही काटकसरीची जागा नव्हेच. त्यामुळे आमच्या यादीत एक बटण सक्तीचं झालं, ‘वासर प्लुस’. ते दाबलं की मशीन जास्त पाणी घेतं. ते सगळ्या मॉडेलांना नसतं. मग तिचा पुढचा प्रश्न, गरम पाण्याचा नळ कुठे जोडणार? जोडायचा नसतो, मशीनला एकच नळी, गार पाण्याची. तापवायचं काम आतला हीटर करतो, पार नव्वद अंशांपर्यंत. हे ऐकल्यावर मात्र तिचा आवाज बदलला. “म्हणजे उकळतंयच की.” त्या क्षणी समोरून उघडणारं यंत्र आमच्या घरात आलं म्हणायला हरकत नाही.

तिसऱ्या आठवड्यात मी नगरवाचनालयात जाऊन बसले. इकडे १९६४ पासून श्टिफ्टुंग वारेनटेस्ट नावाची संस्था आहे, सरकारने स्थापन केलेली. ती दुकानातून वस्तू विकत आणून तपासते आणि तिच्या मासिकात एकही जाहिरात नसते. वॉशिंग मशीनची तर धुण्यापासून टिकाऊपणापर्यंत कसून परीक्षा. मी गुणांचा तक्ता बघून चक्रावले. दुकानात सगळ्यांनी वाखाणलेल्या मॉडेलला १.६ आणि मला आवडलेल्याला २.३. मी मनातल्या मनात खूश होऊन उठले. जिन्यात आठवलं, जर्मन शाळेत एक म्हणजे पहिला नंबर आणि सहा म्हणजे नापास. पुन्हा वर जाऊन बसले.

तिथे वाचलेल्यातली कामाला आलेली गोष्ट म्हणजे पिळणं. आपल्याकडे दोरीवर टाकलं की दोन तासांत कडकडीत वाळतं, म्हणून ड्रम किती वेगाने फिरतो याची कुणी पर्वा करत नाही. इथे नोव्हेंबर ते मार्च कपडे खोलीत स्टँडवर वाळतात. त्यातलं पाणी हवेत जातं, गार भिंतीच्या कोपऱ्यात बसतं आणि तिथे काळी बुरशी धरते. भाडेकरारात बुरशीवर अख्खा परिच्छेद असतो: रोज खिडक्या सताड उघडून हवा खेळवा, वगैरे. पिळण्यालाही लेबलावर वेगळा वर्ग असतो. बी वर्ग म्हणजे कोरड्या कपड्याच्या वजनाच्या पंचेचाळीस ते चौपन्न टक्के पाणी अजून कपड्यातच. म्हणजे चार किलो दुपट्यांमागे दोन लिटर पाणी मी झोपायच्या खोलीत शिंपडणार. सी वर्गात ते अडीच लिटरपर्यंत जातं. हा अर्धा लिटर मला विजेच्या चौदा युनिटांपेक्षा कितीतरी मोठा वाटला. मिनिटाला १२०० फेऱ्यांची सगळी बाद, १४०० च्या खाली नाही. ड्रायर घ्यावा का यावर एक संध्याकाळ भांडण झालं. जागा नाही म्हणून ते आपोआप मिटलं.

असं करत उरलं एक: आठ किलो, १४०० फेरे, बिनब्रशची मोटर, ‘वासर प्लुस’, आणि नळी फुटली तर पाणी आपोआप बंद करणारी झडप. लाकडी जमिनीच्या घरात ती झडप चैन नव्हे. साडेपाचशे युरोच्या आसपास. एका ऑनलाइन दुकानात तेच चाळीस युरोंनी स्वस्त दिसलं. बारीक अक्षरांत वाचलं तर पोचवणार ‘बोर्डश्टाइनकांटे’पर्यंत, म्हणजे फुटपाथच्या कडेपर्यंत. ड्रम थरथरू नये म्हणून यात काँक्रीटचा ठोकळा असतो, वजन सत्तर किलोंवर जातं. सातव्या महिन्यातली मी आणि कंबरदुखीवाला नवरा ते तीन मजले चढवणार! चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला. चौकातल्या दुकानातच घेतलं, वर आणून जोडून देण्याचे पैसे मोजून.

पैसे भरताना त्या विक्रेत्याने सहज विचारलं, “दारं मोजलीत ना?”

आम्ही एकमेकांकडे बघितलं. त्या संध्याकाळी जिन्याचं वळण मोजलं, मुख्य दार मोजलं, ठीक होतं. मग बाथरूमचं. साडेएकोणसाठ. पुन्हा मोजलं. फुटपट्टी बदलून मोजलं. नवरा जमिनीवर बसला. एक्सेल बंद केलं.

सुटका अगदीच साधी निघाली आणि ती ऑफिसातल्या जर्मन सहकारिणीने सांगितली, तीही मी इतकी चिंता का करतेय हे न कळून. इकडची दारं बिजागरीवर नुसती बसवलेली असतात. स्क्रू नाही, काही नाही. दोन्ही हातांनी दार वर उचललं की निघून येतं. आम्ही उचललं. आलं! दाराशिवाय चौकट बासष्ट. दोन दिवसांनी दोन माणसं खांद्याला पट्टे लावून मशीन घेऊन आली, तीन मजल्यांवर एकदाच थांबली आणि चौकटीतून ते असं आत नेलं की जणू रोजचंच. त्यांचं रोजचंच होतं म्हणा.

मागच्या बाजूला चार लांब बोल्ट असतात. प्रवासात ड्रम हलू नये म्हणून तो त्यांनी आवळलेला असतो. ते काढल्याशिवाय सुरू केलं तर यंत्र बाथरूमभर नाचतं. त्या माणसांनी ते काढून माझ्या हातात दिले आणि बजावलं, फेकू नका, घर बदलाल तेव्हा लागतील. मी ते जिऱ्याच्या रिकाम्या बरणीत ठेवले.

मग आमची हौस. पहिलं मोठं धुणं एका मंगळवारी ऑफिसातून आल्यावर लावलं, सात वाजायला पाच कमी असताना. इको ४०-६०, कारण एवढं लेबल वाचलं होतं ते वाया कशाला घालवा. जेवलो, भांडी घासली, मशीन आपलं घोळतंय. साडेनऊला घोळतंय. दहा वाजले आणि मग त्याने १४०० चा सूर लावला. लाकडी जमीन आहे हे तोवर आम्हाला फक्त दिसायला सुंदर म्हणून माहीत होतं.

सकाळी दाराला चिकटवलेली चिठ्ठी. अक्षर मोत्यासारखं. “काल तुमचं यंत्र २२.२० पर्यंत चालू होतं. इमारतीचे नियम पाहावेत. स्नेहपूर्वक शुभेच्छांसह.” खालच्या मजल्यावरच्या आजी. नियम काढून वाचले. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता. धुण्याचं यंत्र त्या वेळात नाही आणि रविवारी तर नाहीच. सहा पंचावन्न अधिक तीन पंचवीस. बेरीज पहिलीतल्या पोराला यावी. आकडा लेबलावर छापलेला, मी बोट ठेवून वाचलेला, हसलेली. नवरा म्हणाला, “कुणाला घाई आहे?” या वेळी तो एकटाच हसला.

मी खाली जाऊन माफी मागितली. आजींनी ती ‘आंगेनोमेन’, म्हणजे स्वीकारली, असं अगदी टपाल स्वीकारल्यासारखं सांगितलं. आणि पायाखाली रबरी चटई टाका असंही. टाकली. खरंच फरक पडला. पण शिकायचं राहिलं होतं ते वेगळंच. मशीनवर एक बटण आहे, धुणं कधी सुरू करायचं ते नाही तर कधी संपायला हवं ते सांगणारं. दुकानात आम्ही त्याला चोचला म्हटलं होतं. आता सगळ्यात जास्त झिजलेलं बटण तेच असेल.

ऑक्टोबरात आई आली. येताना लंगोट, गोधडी, कालनिर्णय आणि हळदीची पुडी. पहिल्याच आठवड्यात तिच्या पदराला वरण लागलं. साबणाच्या पाण्यात डाग कुंकवासारखा लाल झाला. हे आपल्याला ठाऊक असतं, उन्हात टाकलं की उडतो. पण ऊन कुठाय? मग कळलं की इकडे पांढऱ्या कपड्यांची पावडर वेगळी, तिच्यात डाग घालवणारं ब्लीच असतं. रंगीत कपड्यांच्या साबणात ते नसतं, आणि द्रवरूप साबणातही नसतं. मी भोळेपणाने सुगंधी द्रवाची मोठी बाटली आणली होती.

आणि लंगोट पापडासारखे कडक वाळत. आईने एक हातात चुरगळून म्हटलं, “पाणी जड आहे गं तुझ्याकडचं.” बरोबर होतं. म्युनिकचं पाणी आल्प्सच्या पायथ्याच्या मांगफाल आणि लोइझाखच्या खोऱ्यांतून येतं. प्यायला उत्तम, पण चुन्याने भरलेलं. साबणाच्या खोक्याच्या मागे मऊ, मध्यम, जड अशा तीन पाण्यांसाठी तीन मापं दिलेली असतात. मी तीन महिने मऊ पाण्याचं माप घालत होते, कारण ते पहिलं होतं. माप वाढवलं, ‘वासर प्लुस’ दाबलं. लंगोट मऊ झाले असं नाही म्हणणार, पण पापडाचे फुलके झाले.

बाळ नोव्हेंबरात आलं. त्यानंतर मशीनचा ताबा आईकडे. तिने जर्मन शब्द पाठ केले नाहीत, डायलवर नेलपॉलिशचे ठिपके दिले: लाल म्हणजे साठ, गुलाबी म्हणजे इको. आणि स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर, जिथे गावी ती दुधाचा हिशेब लिहिते, त्या चौकोनांत बारीक अक्षरांत लिहायला लागली. सोमवार, लंगोट, लाल, सकाळी. बुधवार, दुपटी, लाल. शुक्रवार, चादरी, गुलाबी, साडेसहाच्या आत. रविवारचे चौकोन तेवढे कोरे.